फळ्यांखालचं छत

१

खाण सोडली तेव्हा मला कुणी विचारलं असतं, घाबरलास का, तर मी नाही म्हटलं असतं. मी दमलो होतो. एका सकाळी खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात पुढचे सगळे चढले, माझा जोडीदार घुम्याही चढला, आणि माझा पाय काही उचलेना. मागचे लोक खोळंबले. घुम्या म्हणाला, "येतोस ना?"

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं.

पिंजरा खाली गेला. मी टोपीवरचा दिवा जमा केला, आंघोळ केली आणि भर सकाळी घरी आलो. बायको भाजी चिरत होती. माझ्याकडे बघून तिने चाकू बाजूला ठेवला. "बरं झालं," एवढंच म्हणाली.

तिचे एक मामा खूप लांबच्या एका गावात खुर्च्या करायचे. मुलंबाळं नव्हती, हात थरथरायला लागला होता, कुणीतरी हवंच होतं त्यांना. महिनाभरात आम्ही बाडबिस्तरा घेऊन तिथे गेलो. पहिल्या आठवड्यात मामा मला जावईबापू म्हणत होते. मी रंध्याखाली अंगठा घातला आणि एका खुर्चीचा पाय आखूड कापला, तेव्हापासून 'अरे' वर आले. मला ते बरं वाटलं.

कारखाना म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली. एका बाजूला इस्त्रीवाल्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला कायमचं कुलूप लागलेलं गोदाम. पूर्वेला दोन मोठ्या खिडक्या, खाली जुन्या लाकडी फळ्यांची जमीन. सकाळी मी भुसा झाडायचो, शेगडीवर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं ठेवायचो आणि सरस पातळ होईतो खिडकीशी उभा राहायचो. ऊन अंगावर घेत काम करायचं असतं हे मला या वयात कळत होतं. खाली असताना लाकूड म्हणजे छताला द्यायचा टेकू. तो लावायचा, पुढे सरकायचं, आणि त्याच्याकडे पुन्हा बघायला लागू नये अशी आशा करायची. इथे लाकडाला वास होता, रेषा होत्या. पाठ टेकायची फळी घासून झाली की मामा तिच्यावरून तळहात फिरवायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे काम चांगलं झालं.

खोकला होताच. थकवाही पुरता जात नव्हता. पण बायको म्हणायची, जाईल हळूहळू, अंगात मुरलेलं एकदम कसं निघेल.

एका दुपारी जेवण झाल्यावर मामा त्यांच्या खुर्चीत पेंगत होते. मी एका खुर्चीच्या बैठकीला वेत ओढत होतो. खालून आवाज आला. टक, टक. मग जरा थांबून एक जड ठोका.

मी वेत सोडला. हात आपोआप डोक्याकडे गेला, दिव्याची टोपी चाचपायला.

२

उंदीर असेल. इस्त्रीवाल्याचा नळ असेल. ऊन चढलं की जुन्या फळ्या वाजतात, हे तर मामांनीच सांगितलं होतं. मी बाहेर जाऊन इस्त्रीवाल्याला विचारलं, "तुमच्याकडे काही ठोकाठोक चाललीय का?"

"माझ्याकडे फक्त माझी बायको ठोकते," तो म्हणाला, "तीसुद्धा कपाळ."

मी हसलो आणि परत आलो. मामा जागे झाले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, या फळ्यांखाली काय आहे?"

"जमीन."

"आणि जमिनीखाली?"

"आणखी जमीन. झालंय काय तुला?"

संध्याकाळी झाडलोट करताना मी दाराजवळची एक फळी उचलून बघितली. खाली वीतभर पोकळी, तिच्यात वर्षानुवर्षांचा भुसा, आणि त्याखाली घट्ट माती. मी हातोडीने ठोकून पाहिलं. माती भरीव होती, दगडासारखी. फळी होती तशी बसवली आणि स्वतःला वेड्यात काढलं.

पण तो आवाज कसला होता हे मला समजलं होतं, आणि तेच टोचत होतं. खाणीत पुढे सरकण्याआधी छत वाजवून बघतात. हातात पहार घ्यायची, वर दोन हलके ठोके, मग एक जोरात. आवाज खणखणीत आला तर छत धरून आहे. बद्द आला तर वरचा थर सुटलाय, तिथे उभं राहायचं नाही. उंदीर तसं वाजवत नाहीत. नळही मधे थांबून कान देत नाही. या ठोक्यांनंतर जी शांतता येत होती ती ऐकणाऱ्या माणसाची होती.

आमच्या फळ्या खालून कुणीतरी तपासत होतं.

इतकी वर्षं कान जे ऐकत आले ते त्यांना सोडवत नसेल, असं मी मनाशी म्हटलं. पाय सुटले, हात सुटले, कानांनाही सुटायला वेळ लागत असेल. हे कारण मला पटलं. पुढच्या दुपारपर्यंत पटलेलं राहिलं.

३

आवाज रोज यायचा, आणि पुढे सरकायचा. आधी दाराशी, मग करवतीच्या घोडीखाली, मग माझ्या कामाच्या ओट्याखाली. खाणीत खोदत नेलेली गल्ली जशी सरकते तसा, न थकता, थोडा थोडा. मामांना तो ऐकू येत नव्हता, पण त्यांना इस्त्रीवाल्याची हाकही ऐकू येत नसे, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. एकदा मात्र ते अनवाणी उभे होते आणि ठोके पडले. त्यांनी पायाकडे बघितलं. पाय उचलून दुसरीकडे ठेवला आणि चपला घातल्या.

घरी बायकोच्या लक्षात येत होतं. "जेवताना चमच्याने टेबल काय वाजवता?" तिने विचारलं.

"मी कुठे वाजवलं?"

"आत्ता. वाजवता आणि ऐकत बसता."

मी चमचा खाली ठेवला. तिने माझा तळवा आपल्या हातात घेतला आणि त्यावरची जुनी काळी रेघ बघितली. कातडीखाली शिरलेला कोळसा कशानेही निघत नाही. "इथे आवडत नाही का तुम्हाला?" तिने विचारलं.

"इतकं आयुष्यात काही आवडलं नव्हतं," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

ठोके ओळखीचे होते, हे मी तिला सांगितलं नाही. प्रत्येक माणसाची पहार निराळी बोलते. कुणी घाईने वाजवतो, कुणी घाबरत. हे वाजवणं सावकाश होतं. शेवटच्या ठोक्याआधी एक दम घेतल्यासारखी जागा सुटायची. वर्षानुवर्षं माझ्या कानाशी हेच वाजत होतं. माझ्याशेजारी घुम्याशिवाय दुसरं कुणी नसायचं, तेव्हा हा घुम्याच.

आणि घुम्या इथून कुठल्या कुठे होता. मधे नद्या, डोंगर, गाडीचा अख्खा एक दिवस.

मी त्याला फोन केला. घुम्या कमी बोलणारा, म्हणून तर हे नाव. तब्येत बरी, काम चालू आहे, नवी गल्ली काढतोय, अशी चार उत्तरं झाली. मग मला वाटलं फोन तुटला.

"तू सुतारकाम करतोस ना," तो म्हणाला. "एक विचारू? हसू नकोस."

"विचार."

"नव्या गल्लीत छतातून आवाज येतो. रंधा ओढल्यासारखा. लांब ओढ, मग थांबतो, मग पुन्हा. दुपारचा येतो. बाकीच्यांना ऐकू येत नाही."

"पाणी झिरपत असेल," मी म्हटलं.

"पाणी असं झिरपत नाही."

"मग काय असणार?"

"तेच तर तुला विचारतोय," घुम्या म्हणाला.

मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? त्या दुपारी मी रंधा हातात घेतला आणि परत खाली ठेवला. सबंध वेळ वेत विणत बसलो.

४

आवाज खिडकीपर्यंत पोचला त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि खोलीत उजेड कमी होता. मामा खुर्चीत झोपले होते. खिडकीखालच्या कोपऱ्यात दवाखान्यासाठी केलेल्या खुर्च्या रांगेने सुकत होत्या. त्यांच्या पायांखाली ठोके पडले. टक, टक. दम. आणि मग जड ठोका.

तो बद्द वाजला.

असा आवाज मी याआधी फार वेळा ऐकलेला नाही. जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा मागे सरलो म्हणून हे सांगायला उरलो. रिकाम्या रांजणावर ओला फडका टाकून मारावं तसा तो असतो. मी वाट बघितली. खालचा माणूस मागे सरेल. त्यालाही तो ऐकू आला असेल, न येऊन कसं चालेल. पण ठोके पुन्हा पडले, त्याच जागी. पुन्हा बद्द. फार दमलेल्या माणसाला ऐकू आलेलं समजायला वेळ लागतो. मला ते माहीत आहे.

मी विचार केला नाही. विचार केला असता तर हसू आलं असतं. आमच्या खाणीत एक खूण होती, लोखंडी नळावर न थांबता ठोकत राहायचं. ते ऐकलं की हातातलं टाकून निघायचं. मी मोठा लाकडी हातोडा उचलला, गुडघ्यांवर बसलो आणि जमीन ठोकायला लागलो. खुर्च्या थरथरल्या. खांदा भरून आला तरी थांबलो नाही. मामा जागे होऊन बघत राहिले. त्यांनी मला अडवलं नाही, हे मी त्यांचं देणं लागतो.

मग फळ्यांखालून एक लांब सुस्कारा आल्यासारखं झालं. खिडकीजवळची जमीन माझ्या डोळ्यांदेखत बोटभर खचली. खुर्च्या एकमेकींवर कलल्या, आणि शेगडीवरचं सरसाचं भांडं घरंगळून उपडं झालं.

मामांनी उठून उपडं झालेलं भांडं उचललं.

"जुनी जमीन आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज जमिनीबद्दल बोलणाऱ्या माणसाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी घुम्याचा फोन आला. त्याने केलेला तो पहिलाच. "नव्या गल्लीचं छत खाली आलं," तो म्हणाला. "वरून कुणीतरी ठोकलं, न थांबता. या खेपेला सगळ्यांनी ऐकलं. टाकलं तिथे टाकून पळालो."

"कुणी अडकलं?"

"नाही. वर येऊन मोजलं. सगळे होते."

मी भिंतीला टेकलो.

"फक्त एक," घुम्या म्हणाला. "पळताना मागे पहार वाजत होती. सावकाश. मी ओरडलो, चल म्हणून. तरी वाजतच होती. पण मोजले तेव्हा सगळे होते." मग म्हणाला, "मी सोडतोय काम. तुमच्याकडे एखाद्याची सोय होईल का?"

५

घुम्या एका पिशवीनिशी आला. इस्त्रीवाल्याच्या माडीवर त्याला खोली मिळाली. त्याची बोटं जाड, पण वेत विणायला अशी बसली की मामा चकित झाले. त्याचं काम झालं की मामा मुळीच बोलायचे नाहीत. घुम्याच बोलायला लागला. इस्त्रीवाल्याशी हुज्जत घालायचा, माझ्या बायकोला स्वयंपाकात मीठ कमी पडतं म्हणायचा. ती म्हणायची, "हा तुमचा मुका जोडीदार ना? मुकाच बरा होता."

खचलेला भाग आम्ही खालून पाचरी घालून सपाट केला. तेव्हा मी वाकून बघितलं होतं. भुसा आणि घट्ट माती. दुपारी जेवण झालं की मी कान द्यायचो. काही नसायचं. घुम्या इथे, माझ्यासमोर, दातांत वेत धरून बसलेला. तेव्हा खाली कोण असणार? थंडी पडायला लागली. थकवा होता तसाच होता, पण मी त्याला वयाचं म्हणायला शिकलो होतो.

आणि एका दुपारी, लख्ख ऊन पडलेलं असताना, ठोके आले. खिडकीखाली. टक, टक. दम. एक जड.

घुम्याच्या दातांतला वेत गळून पडला.

"तूही ऐकलंस," मी म्हटलं.

"हे इथे कसं?"

"आधीपासून आहे. तू यायच्या आधी. मला वाटायचं तूच आहेस. तुझंच वाजवणं."

घुम्या माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याची थट्टा करतोय आणि ती त्याला कळत नाहीये. "माझं?" तो म्हणाला. "अरे, मी कधी असं वाजवलं? मी तीन ठोके सलग मारतो. मधे दम घ्यायची सवय तुझी." मग तो हळू आवाजात म्हणाला, "छत आलं तेव्हा मागे हेच वाजत होतं. मी तुझ्या नावाने ओरडलो होतो. वर आल्यावर आठवलं की तू तिथे नाहीस."

मामांच्या खुर्चीचा आवाज झाला. ते जागे होते. "फळ्या काढा," ते म्हणाले.

आम्ही खिळे उपसले आणि खिडकीखालच्या फळ्या एकेक करून बाजूला ठेवल्या. भुसा नव्हता. माती नव्हती. त्या भोकातून गरम हवा वर आली, तिला ओल्या लाकडाचा, गंजाचा आणि फार जणांनी घेऊन सोडलेल्या श्वासाचा वास होता. घुम्याने नाक दाबलं. मी दाबलं नाही. मला तो सवयीचा होता.

आधी काही दिसलं नाही. मग खोल खाली उजेडाचा एक पिवळा गोल दिसला. तो एका काळ्या भिंतीवरून सरकत होता. थांबत होता, पुन्हा सरकत होता. पहारेचं टोक दिसलं. ती धरलेला हात दिसला. बाही कोपराच्या जरा खाली दुमडलेली होती, मी दुमडायचो तशी. तो हात थरथरत होता. भीतीने थरथरणारा हात मला माहीत आहे. हा तसा नव्हता. कामाची पाळी संपून पिंजऱ्याची वाट बघताना हात थरथरतात तसा तो होता. पण याला कुणी वर न्यायला आलं नव्हतं.

आमचा उजेड त्याच्यावर पडला असावा. गोल वळला आणि वर आला. माझे डोळे दिपले. दिव्यामागचा चेहरा मला दिसला नाही. दिवा बराच वेळ माझ्यावर तसाच राहिला.

घुम्या माझ्या दंडाला धरून मागे ओढत होता. "फळी टाक. टाक फळी."

"तो फार दमलाय," मी म्हटलं.

माझ्या मागे दवाखान्याच्या खुर्च्या होत्या, नव्या. त्यातली एक मी ओढली. तिचं वेताचं काम मीच केलं होतं. लाकूड बांधायचा दोर तिच्या पाठीला बांधला.

"ती दवाखान्याची आहे," मामा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "असू दे. दुसरी करू."

मी खुर्ची भोकातून खाली सोडायला लागलो. दोर हातातून सरकत राहिला. मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त सरकला. घुम्या म्हणाला, "खाली बसायचं नसतं. तुला माहीत आहे ना? बसला तो तिथेच झोपतो."

मी दोर थांबवला नाही.

मग दोर सैल झाला. खालचा दिवा हलला, खाली झुकला, खुर्चीभोवती एकदा फिरला. नवीन वेतावर पहिल्यांदा माणूस टेकतो तेव्हा बारीक कुरकुर होते. ती ऐकू आली, अगदी स्पष्ट. त्यानंतर पहार दगडावर पडल्याचा आवाज. दिवा थोडा वेळ तेवत राहिला आणि गेला.

आम्ही फळ्या बसवल्या. खिळे घुम्याने ठोकले. माझ्याने ते झालं नसतं.

६

खालून पुन्हा आवाज आला नाही. फळ्यांवर आता मामांची लाकडांची थप्पी असते.

त्या दिवसापासून मी दमत नाही. सुरुवातीला मला तो आनंद वाटला. सकाळपासून उभा असतो, करवत चालवतो, थप्प्या उचलतो, अंगात जड असं काही राहत नाही. खोकलाही थांबला. मामा म्हणाले, तरणा झालास. घुम्या माझ्याशी पुन्हा पूर्वीसारखा कमी बोलायला लागला आहे.

झोप मात्र येत नाही. ती दमलेल्यांना येते. भूकही नावाला. कालच घरी आलो तेव्हा बायकोने पाणी दिलं आणि समोरची मी विणलेली नवी खुर्ची ओढली. "बसा जरा," ती म्हणाली. "आल्यापासून उभेच आहात."

मी बसलो, तिच्यासाठी. पाठ टेकली. वेत वाजला नाही, खाली दबलाही नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीच्या बैठकीकडे. मी घाईने उठून उभा राहिलो.

"दमला नाहीत का तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान वळवली आणि रिकामा पेला घेऊन आत गेली. आत बराच वेळ नळ चालू होता.